पद्मिनीची ब्रेक लाइन फुटली. तेवढाच तुकडा बदलू की सगळ्याच?

पार्ले_७८ :

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय. आज पहिल्यांदा लिहितोय, तेही अडलो म्हणून.

बाबांची १९७८ची प्रीमियर पद्मिनी. रंग मूळचा दुधी, आता कुठला ते सांगवत नाही. बाबा गेल्यावर सोसायटीच्या मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली नऊ वर्षं उभी होती. गेल्या दिवाळीत ताडपत्री काढली तर मागच्या सीटवर मांजरीचं बाळंतपण होऊन गेलेलं. कार्ब्युरेटर, पॉइंट, टाकी साफ करून दोन महिन्यांत इंजिन सुरू झालं, त्यामुळे मी जरा हवेतच होतो. ब्रेककडे बघितलंच नाही. पॅडल घट्ट लागत होतं ना!

मागच्या रविवारी कंपाउंडमध्ये पहिली फेरी मारली. स्टिल्टकडे, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगकडे, वळताना आमच्याकडे थोडा उतार आहे. ब्रेक एकदा लागला. दुसऱ्यांदा दाबला तर पाय थेट तळाला, बुटाचा पत्र्यावर आवाज आला इतका. हँडब्रेक खेचला म्हणून सेक्रेटरींच्या स्कूटरच्या हातभर अलीकडे थांबलो. सेक्रेटरी गॅलरीत चहा पीत उभे होते. काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

खाली आडवा होऊन बघितलं. मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारी लाइन जिथे पत्र्याच्या क्लिपने धरलीय तिथे ओलं. बाहेरून लाइन काळीभोर, रंग शाबूत. क्लिप उघडून नखाने खरवडलं तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे निघाले आणि मधोमध टाचणीएवढं भोक.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, तेवढा तुकडा कापू, फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी मध्ये घालू, दोन्ही टोकांना पितळी जॉइंट. मी ऑफिसात असताना त्याने ते करूनही टाकलं. दोन दिवसांत जॉइंटमधून थेंब. परत गेलो तर नळवाले वापरतात ती पांढरी टेप आट्यांवर गुंडाळून दिली. म्हणाला, आता बघा कमी झालं. ब्रेकच्या बाबतीत ‘कमी’ हा शब्द ऐकल्यापासून मला झोप नाही.

तर विचारायचं ते असं. तेवढाच तुकडा नीट करून घेऊ की सगळ्या लाइन काढू? तांब्याचं खरंच चालतं का? आणि हे घरी करण्यासारखं आहे का? हात बरा आहे माझा, पण ब्रेक कधी उघडलेले नाहीत.

ताडदेवचा_मिस्त्री :

सगळ्या काढा साहेब. वाद नको.

मी बावीस वर्षं टॅक्सीच्या गॅरेजात काढली. दिवसाला चार-पाच पद्मिन्या हाताखालून जायच्या. एक लाइन क्लिपखाली गेली म्हणजे बाकीच्या रांगेत उभ्या आहेत असं समजायचं. क्लिपमध्ये चिखल बसतो, पावसाचं पाणी बसतं, ते ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही. पार्ल्याला खारा वारा आहेच. वरून रंग दिसतो, आत पीठ झालेलं असतं.

आता महत्त्वाचं. तुमच्या गाडीचं सर्किट एकच आहे ना? मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पॅडल दाबलं की ऑइल ढकलतो त्या मुख्य सिलिंडरमधून, एकच लाइन निघते आणि पुढे तिचे फाटे होतात? मग कुठलाही एक थेंब म्हणजे चारही चाकं गेली. आजच्या गाडीत दोन सर्किट असतात, एक गेलं तर दुसरं अर्धंमुर्धं तरी थांबवतं. तुम्हाला ती सोय नाही. हँडब्रेकने वाचलात ते फक्त वेग नव्हता म्हणून.

एक कबुली देतो. तेव्हा ड्रायव्हर घाईत असायचे, धंदा बुडतो म्हणायचे. मागच्या एका चाकाची लाइन फुटली की आम्ही तिला डमी मारायचो, म्हणजे तोंड बंद करून तीन चाकांच्या ब्रेकवर गाडी सोडायचो. मीसुद्धा मारलीय. एकदा जुलैमध्ये असा डमी मारलेला माणूस पेडर रोडच्या उतारावर गोल फिरून दुभाजकाला लागला. त्याला काही झालं नाही, सीटवर पॅसेंजर नव्हतं. संध्याकाळी गाडी दाखवायला तोच घेऊन आला आणि मला चहा पाजला. त्या दिवसानंतर मी डमी मारली नाही.

लाइनबरोबर रबरी होजसुद्धा काढा. दोन पुढच्या चाकांना, एक मागच्या अ‍ॅक्सलला. जुना होज बाहेरून चकाचक दिसतो, आतून फुगून बंद झालेला असतो. पाय दाबला की जोराने ऑइल पुढे जातं, सोडला की मागे येत नाही. चाक धरून राहतं, ड्रम तापतो. लोक व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातले ब्रेक दाबणारे छोटे सिलिंडर, बदलत बसतात आणि रोग होजमध्ये असतो.

सामान आता शोधावं लागतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत पासिंग झाली होती, वीस वर्षं भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरात उतरली. त्या दिवसापासून दुकानदारांनी आमचा माल मागच्या फळीवर टाकला. ऑपेरा हाऊसला आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारा, जुना होज हातात घेऊन जा. तोंडी सांगितलंत तर काहीही देतील.

भंगार_भाई :

एवढा खर्च कशाला? चोर बाजारात अख्ख्या गाडीच्या जुन्या लाइन वाकवलेल्या मिळतात, नुसत्या बसवायच्या. मी माझ्या फियाटला तेच केलं. चार वर्षं झाली.

टूलरूमवाली :

भंगार_भाई, त्या लाइन ज्या गाडीतून निघाल्या ती तुमच्या गाडीइतकीच पावसात उभी होती. पार्ले_७८च्या लाइनवरही रंग शाबूतच होता. चोर बाजारातून हब कॅप घ्या, आरसे घ्या, घड्याळ घ्या. ब्रेक लाइन नको.

मी कारखान्यात टूलरूममध्ये काम करते, नळ्या आणि फिटिंग हा रोजचा विषय. तांब्याबद्दल सगळे “प्रेशर सहन होत नाही” म्हणतात. ते पूर्ण खरं नाही. हिशेब करून बघा. जोरात ब्रेक मारताना पायाचा भार ५० किलो धरा. पॅडलची तरफ साधारण पाचपट, म्हणजे मास्टरच्या पिस्टनवर २५० किलो. पिस्टन पाऊण इंची धरला तर त्याचं क्षेत्रफळ २.८५ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की चौरस सेंटिमीटरला ८८ किलो येतात. फ्रिजच्या नळीच्या आयुष्यात याच्या जवळपासही दाब येत नाही. तरी जाड भिंतीची तांब्याची नळी हे एकदा, दहादा सहज सोसेल.

ती मरते ती थकव्याने. तांबं हलत राहिलं की कडक होत जातं. तार हाताने पुढेमागे वाकवली की आधी मऊ, मग ताठ, मग तट्कन तुटते ना, तेच. इंजिनची थरथर, रस्त्यातले खड्डे, दर ब्रेकला नळीचं किंचित फुगणं. नळीचं टोक टूलने पसरवून फुलवतात, त्या तोंडामागे, नटाच्या अगदी मागच्या काठावर, एक दिवस चीर जाते. कुठला दिवस ते कळत नाही. शिवाय फ्रिजवाल्याची नळी आपल्या नटाच्या भोकात नीट बसेल याची खात्री नाही, म्हणूनच तर पितळी जॉइंट आले. ते जॉइंट म्हणजे नळीवर कडं दाबून धरणारे असतील, तर ते गॅसच्या शेगडीला ठीक. ब्रेकला नाही. ती टेपही काढा. इथे आटे गळती थांबवत नाहीत, गळती थांबते ती फुलवलेलं तोंड बैठकीवर दाबून बसल्यामुळे. टेपचा तुकडा आत गेला तर मास्टरचं बारीक छिद्र बंद होईल, ते वेगळंच.

घ्यायचं काय? एक तर स्टीलची खास ब्रेक ट्यूब, ३/१६ इंची, म्हणजे ४.७५ मिमी, दुहेरी गुंडाळलेली आणि वर गंज न लागणारा थर दिलेली. किंवा तांबं-निकेलची ब्रेक ट्यूब. ९० टक्के तांबं, १० टक्के निकेल, किंचित लोखंड आणि मँगनीज. व्होल्व्हो १९७६ पासून ही वापरत आली आहे. गंजत नाही, साध्या तांब्यासारखी थकत नाही आणि हाताने वाकते. पहिल्यांदा करणाऱ्याला मी हीच सांगेन, आणि मुंबईत राहणाऱ्याला तर नक्कीच. २५ फुटांची गुंडाळी मिळते, चुकायला पुरेशी आहे.

आता आटे. इटालियन वंशाच्या गाडीत मेट्रिक आटे भेटतात, एम १० बाय १ नेहमीचा. अ‍ॅम्बेसेडरसारख्या ब्रिटिश वंशाच्या गाडीत ३/८ इंची, इंचाला २४ आट्यांचा. ३/८ म्हणजे ९.५ मिमी, दोन्ही हातात सारखेच वाटतात. इंची नट मेट्रिक भोकात छान जातो, सैलसर फिरतो आणि आवळताना एकदम गुळगुळीत होतो. त्यात आपल्या गाड्यांना चाळीस वर्षांत कुणी काय लावलं ते देव जाणे. म्हणून पुस्तकावर जाऊ नका, आटे मोजायचा थ्रेड गेज नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारात मिळतो, प्रत्येक नटाला लावून बघा.

आणि भोकात टॉर्च मारून बैठक बघा. तळाशी टेकडी दिसली तर नळीचं तोंड आत दुमडून दुहेरी फुलवायचं. खळगा दिसला तर बोंडासारखं गोल ठेवायचं, दुसरा दाब द्यायचाच नाही. एकाच गाडीत दोन्ही सापडू शकतात. टेकडीवर बोंड बसवलं तर ते आवळून आवळून तुम्ही दमाल आणि थेंब दमणार नाही.

पार्ले_७८ :

दोघांचेही मनापासून आभार. तांबं-निकेलची गुंडाळी आणली, फ्लेअरिंगचं टूल नागदेवीहून आणलं, गेजही. माझे सगळे मूळ नट मेट्रिक निघाले. मागच्या तिहेरी युनियनमध्ये, म्हणजे तीन लाइन जिथे जोडतात त्या जोडात, मात्र एक इंची नट कोंबलेला, आटे अर्धे खाल्लेले. युनियनच नवं घेतलं.

जुनी लाइन मापाला सुतळी लावून मोजली, प्रत्येक वळणाला गाठ. बायको म्हणाली, पोत्याला शिवतोयस का?

अडलंय एका जागी. पुढच्या डाव्या होजजवळचा नट हलत नाही. पाना गोल फिरून कोपरे झिजले. तीन रात्री गंज सोडवणारं तेल मारतोय. गॅसची ज्योत लावू का?

ताडदेवचा_मिस्त्री :

ज्योत अजिबात नको. बाजूला रबर आहे, ब्रेक ऑइल आहे, पेटतं ते.

लाइन फेकायचीच आहे ना? मग नटाला लागून हॅकसॉने नळी कापा. नळी गेली की नटावर सरळ षटकोनी सॉकेट बसतो. बारा कोनांचा नको, सहा कोनांचा. आधी किंचित आवळा, मग उलटा फिरवा. कट्ट आवाज आला की सुटला.

नवी नळी कापताना मात्र हॅकसॉ नको, चकतीवाला कटर. आतली कड रिमरने मोडा, फुंकर मारा. आणि साहेब, नट आधी नळीत घाला, मग तोंड फुलवा. हसू नका. मी किती वेळा विसरलो असेन ते सांगत नाही.

मास्टर उघडलंच आहे तर आतल्या रबरांचं किट घाला. आत बोट फिरवून बघा, खड्डे लागले तर किट टिकणार नाही, नवा सिलिंडर नाही तर स्लीव्ह. चाकांचे सिलिंडरही तसेच. कुणी तुम्हाला आतले भाग पेट्रोलने नाही तर घासलेटने धुवायला सांगेल. करू नका. त्याने रबर फुगतं. स्पिरिटने धुवा नाही तर ब्रेक ऑइलनेच.

पार्ले_७८ :

कट्ट आवाज आला! मिस्त्री, तुमच्या पायावर नारळ फोडायला हवा. म्हणजे, समजलं ना.

नट न घालता दोनदा तोंड फुलवलं. हसणाऱ्यांनी हसून घ्या.

आता लाइनमधली हवा काढायचीय. ब्रेक ऑइल डॉट ३ आणू की ४? घरात बाबांचा अर्धा डबा आहे, बंद झाकणाचा.

हिंदू_कॉलनी_काकू :

बाबांचा डबा आठवण म्हणून कपाटात ठेवा, गाडीत ओतू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आपली हवा कसली आहे ते सांगायला नको. नवं डॉट ३ निदान २०५ अंशांना उकळतं. पाणी मुरलं की तो आकडा १४० वर येतो. डॉट ४चे हेच आकडे २३० आणि १५५. दोन्ही चालतील, मी ४ घेते. डॉट ५ नुसतं ५ लिहिलेलं घेऊ नका, ते सिलिकोनचं, यात मिसळत नाही. आणि बॉनेटवर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. रंग सोलून काढतं ते.

मला मेकॅनिकल काही कळत नाही असं समजू नका. आमच्याकडे फियाट होती आणि ब्रेकची हवा काढायची म्हणजे लग्नानंतरची पहिली दहा वर्षं पॅडलवर मी असायचे. हे खाली झोपलेले, मला फक्त चपला दिसायच्या. “दाब. धरून ठेव. सोड.” खालून निपल, म्हणजे चाकामागचा हवा सोडायचा स्क्रू, बंद व्हायच्या आधी मी एकदा पाय सोडला आणि सगळी हवा परत आत. त्या दिवशी जेवण झालं नाही आमच्यात.

म्हणून खुणेचे शब्द आधी ठरवा. दाबणाऱ्याने “दाबलं” म्हणायचं, खालच्याने निपल उघडून, बंद करून “सोड” म्हणायचं, मगच पाय उचलायचा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल घातलेल्या बरणीत बुडवा, बुडबुडे दिसतात. मास्टरपासून लांबचं चाक पहिलं. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. वरची बाटली रिकामी होऊ देऊ नका, नाही तर पहिल्यापासून.

ताडदेवचा_मिस्त्री :

काकूंना सलाम. दोनच गोष्टी वरून.

मास्टर जुनाच ठेवला असेल तर पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. पॅडल एरवी अर्ध्यातच फिरतं, पुढच्या भागात गंज बसलेला असतो. हवा काढताना ते तळापर्यंत गेलं की रबर त्या गंजावर घासून फाटतं.

हवा काढण्याआधी चारही ड्रमचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे, अ‍ॅडजस्ट करा. शू लांब असले की पॅडल खाली जातं आणि माणूस समजतो हवा आहे. ओळखायचं सोपं आहे. दुसऱ्यांदा दाबल्यावर पॅडल वर येऊन दगडासारखं झालं तर शू. स्पंजासारखं दबत राहिलं तर हवा.

पार्ले_७८ :

काल झालं. मुलगी पॅडलवर, वय तेरा, एक कान हेडफोनमध्ये. “दाबलं” म्हणायची आणि मध्येच विचारायची, अजून किती? मागच्या डाव्या चाकातून आधी चहाच्या रंगाचं आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ. पुढच्या उजव्याला पोचेपर्यंत एक लिटरचा डबा संपत आला.

पॅडल पहिल्यांदा निम्म्यावर जात होतं. मिस्त्रींची खूण लावून बघितली, दुसऱ्या दाबाला वर. शूच होते. मागचे दोन्ही परत जवळ घेतले. आता तिसऱ्या हिश्शात घट्ट. दोन मिनिटं जोर लावून धरलं, खाली सरकलं नाही. सगळ्या जोडांवर टिश्यू फिरवला. मागच्या नव्या युनियनचा एक नट ओला वाटला. एकदा सोडून परत बसवला, पाव आटा जास्त. कोरडा.

स्टिल्टच्या उतारावर पाच वेळा वरखाली केली. सेक्रेटरींनी स्कूटर आधीच हलवून ठेवली होती.

रात्री चारही चाकांखाली आणि मधोमध वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी दूध आणायच्या आधी बघून आलो. इंजिनखाली एक डाग, तो तेलाचा, जुनाच. बाकी कोरडं.

ताडदेवचा_मिस्त्री :

पेपर आठवडाभर राहू द्या. रोज नवा.